सौ. व श्री. अध्यक्ष

मी अध्यक्ष होते. ग्रामपंचायतीची नाही, बचत गटाची नाही, महिला मंडळाची तर नाहीच नाही. एका सॉफ्टवेअरची. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे वळून विचारतो, "म्हणजे काय करा लागते जी त्यात?" या अंकाच्या संपादकांनी मात्र फोन माझ्या नंबरवर केला, तेव्हा या खेपेला उत्तर मीच देते.

माझं काम डीटीपी ऑपरेटरचं. लोक कागदावर जे गिचमिड लिहून आणतात ते संगणकावर टाइप करून, सजवून, छपाईला तयार करायचं. लग्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि निवडणूक लागली की पत्रकं. एकोणीसशे नव्याण्णव साली मी गोंदियाच्या एका प्रेसमध्ये लागले. त्याच वर्षी गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. लोकांनी फटाके फोडले आणि आमच्या शेठजींनी कागदाची जादा ऑर्डर दिली. नवा जिल्हा म्हणजे झाडून सगळ्या कचेऱ्यांची नवी लेटरहेडं, हे त्या माणसाला इतरांच्या आधी कळलं होतं. मी कुडव्याहून लुनावर यायचे आणि दिवसभर 'जिल्हा भंडारा' खोडून 'जिल्हा गोंदिया' करत बसायचे.

आता बाहेरच्या माणसाला एक भानगड समजावून सांगावी लागेल. त्या काळी मराठी फॉन्टचं प्रत्येक कंपनीचं आपापलं गुपित होतं. पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत संगणकानं भलतंच इंग्रजी अक्षर लिहून ठेवलेलं असायचं. तोच फॉन्ट असला तर पत्रिका दिसणार. नसला तर नवरदेवाच्या नावाच्या जागी डॉलर, कंस आणि टिंबं. पुढे युनिकोड नावाची सगळ्यांसाठी एकच पद्धत आली. चांगलं झालं, पण जुन्या फायलींचं काय? आमच्या प्रेसमध्ये कपाटभर सीड्या होत्या. शेठजी म्हणाले, "उषा, फिर से टाइप कर दे." पाण्याचा ग्लास मागावा तसं म्हणाले हो!

त्या रागात मी 'जुळारी' बनवला. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला जुळारी म्हणत, म्हणून ते नाव. जुनी फाइल आत टाकायची, नवी बाहेर काढायची, एवढंच त्याचं काम. प्रोग्रॅमिंगचा क्लास मी लग्नाआधी केला होता. त्यातलं निम्मं विसरले होते, ते पुस्तकं आणून पुन्हा शिकले. पहिल्यांदा त्यानं एक अख्खी पत्रिका बिनचूक बदलून दिली तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. प्रेसमधल्या लोकांना वाटलं उंदीर निघाला.

मग मी तो इंटरनेटवर ठेवून दिला, उघडा. उघडा म्हणजे फुकट तर आहेच, पण आतली सगळी लिखावट कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी. दुकानातून लाडू आणला तर नुसता लाडू मिळतो, इथे लाडवासोबत कृतीसुद्धा मिळते. याला ओपन सोर्स म्हणतात. कृती उघडी ठेवली की लोक सुधारणा पाठवतात. कोणी म्हणतं तूप वाढवा, कोणी म्हणतं वेलची घाला, आणि एखादा मीठ घालायला निघतो. कोणाची सुधारणा मूळ कृतीत घ्यायची हे ठरवणाऱ्याकडे एक चावी असते, म्हणजे पासवर्ड. त्या चावीवाल्याचं निम्मं काम 'नाही' म्हणण्याचं. मला ते मनापासून आवडायचं. घरात धाकटी होते, नंतर सून झाले, नाही म्हणायची संधी मला फारशी मिळालीच नव्हती.

फुकट वस्तूचं गिऱ्हाईक पैसेवाल्यापेक्षा कडक असतं, हेही तेव्हाच कळलं. देवरीच्या एका दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, फुकट हाये म्हणता, मंग घरी येऊन लावून द्या ना. जेवून जा." मी गेले. भाजी उत्तम होती, सॉफ्टवेअरही लागलं. दुसऱ्या एकानं तक्रार पाठवली ती थेट 'महोदय, सविनय अर्ज सादर करतो की' अशी, आणि खाली 'आपला विश्वासू'. तक्रार मात्र खरी होती, ती दुरुस्त केली.

हळूहळू मदत करणारे जमले. त्यातले तिघे महत्त्वाचे. पहिले सडक अर्जुनीचे भोजराजभाऊ. हायवेवर दुकान, झेरॉक्स, फोटो, पत्रिका, फ्लेक्स, सगळं एकाच शटरमध्ये. माणूस हौशी, मेहनती, आणि बोलायला लागला की ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवायचं विसरतील. दुसरे आमगावचे गुरुजी, निवृत्त शिक्षक. काहीही विचारलं तरी म्हणायचे, "पाहू." आणि खरंच पाहायचे. त्यांनी तपासलेल्या फायलीत चूक सापडली असं कधी झालं नाही. तिसरे पुण्याचे एक इंजिनियर, ज्यांना आम्ही कोणीच कधी बघितलं नव्हतं. ते ईमेलवर असायचे. त्यांना आम्ही पुण्याचे साहेब म्हणायचो.

तर या पुण्याच्या साहेबांनी एके दिवशी लांबलचक ईमेल पाठवला. प्रकल्प वाढतो आहे, त्याला शासनव्यवस्था हवी. जगातल्या मोठ्या प्रकल्पांत दोन पद्धती असतात. एकीत ज्यानं सुरुवात केली तो तहहयात दयाळू हुकूमशहा असतो, दुसरीत निवडलेली समिती असते. काहीच ठरवलं नाही तर भांडणं होतात आणि प्रकल्प फुटतो, कोणीतरी सगळी लिखावट उचलून वेगळी चूल मांडतं. आणि ओपन सोर्समध्ये त्याला कोणी अडवूही शकत नाही. तेव्हा संविधान लिहावं, असं त्यांचं म्हणणं.

वेगळ्या चुलीचं आम्हाला काय सांगता? आमचा अख्खा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळी चूल मांडून झालाय. हुकूमशहा म्हटलं तर प्रेसमध्ये शेठजी होतेच, तहहयात, आणि दिवाळीच्या आसपास दयाळू. पण संविधान हा शब्द वाचल्यावर मी तो ईमेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. आमच्या बौद्ध घरात तो शब्द कोणी हलक्यानं घेत नाही. माझ्या बापानं आम्हा बहिणींना एबीसीडीच्या आधी उद्देशिका पाठ करून घेतली होती. मी उत्तर पाठवलं, समिती करा.

बैठक कुठे घ्यायची, तर मंडईत. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, पुण्यामुंबईच्या वाचकांनी पिशवी खाली ठेवावी. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडया भरतात. पाहुणेरावळे, पाळणे, जिलेबी, दंडारीचा नाच, मग नाटक. पोरीचं लग्न जुळवण्यापासून बैल विकण्यापर्यंत सगळी कामं लोक मंडईत उरकतात, मग सॉफ्टवेअरनं काय पाप केलंय? आमगावजवळच्या गुरुजींच्या गावची मंडई ठरली. आजूबाजूच्या दहा-बारा दुकानांतले जुळारी वापरणारे लोक जमले. मी काही गेले नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताच्या पत्रिका तोंडावर होत्या, शेठजींनी सुट्टी दिली नाही.

तिथे काय झालं ते मला गुरुजींनी सांगितलं. अध्यक्ष कोण यावर भोजराजभाऊ आणि तिरोड्याकडचे एक दुकानदार यांचं जुंपलं. दोघंही म्हणत होते, "मले पदाची हौस नाई." दोघंही उठत मात्र नव्हते. मग आमच्याकडची जुनी रीत कामी आली. हजर माणसाला पद दिलं की दुसरा हजर माणूस रुसतो, म्हणून पद गैरहजर माणसाच्या गळ्यात टाकायचं. गणेश मंडळ असो की विहाराची कमिटी, सभेला न गेलेला माणूस सकाळी खजिनदार होऊन उठतो. तशी मी बिनविरोध अध्यक्ष झाले. भांडणारे दोघे कार्याध्यक्ष आणि उपाध्यक्ष झाले, गुरुजी सल्लागार, पुण्याचे साहेब मार्गदर्शक. ज्यानं जिलेबी आणली तो संघटक. एकही माणूस पदाशिवाय घरी गेला नाही. आणि पद दिलं तर चावी नको का द्यायला? नुसतं पद म्हणजे नारळाशिवाय सत्कार. साहेबांना विचारून मीच सगळ्यांना चाव्या दिल्या. म्हणजे मूळ कृतीत मीठ घालायची मोकळीक आता अख्ख्या पंगतीला होती.

समितीची यादी भोजराजभाऊंनी स्वतः टाइप केली. आता ज्या माणसानं आयुष्यभर पत्रिका छापल्या त्याची यादी कशी असणार? पत्रिकेसारखीच. वर फुलं, खाली वेलबुट्टी, आणि मध्ये ठळक अक्षरात पहिलं नाव : 'अध्यक्ष : सौ. व श्री. प्रकाश गणवीर'.

प्रकाश गणवीर हे आमचे हे. एसटीत कंडक्टर. त्यांनी संगणकाला हात लावला असेल तर तो धूळ पुसायला.

मी भोजराजभाऊंना फोन केला. "भाऊ, यात माझं नाव कुठं आहे?"

"हे काय ताई! 'सौ.' म्हणजे तुमीच ना!"

"जुळारी मी बनवला भाऊ."

"तं मी कुठं नाई म्हणून राहिलो? म्हणून तं तुमाले पैले टाकलं. अन् एकट्या बाईचं नाव कसं दिसते जी पत्रिकेत? पुढच्या खेपेला पाहू."

मी तणतणले, पण समोर पत्रिकांचा ढीग होता. ठेवून दिलं.

आणि मग गंमत सुरू झाली. तुम्ही महिला सरपंचाचे यजमान बघितले असतील. खुर्चीवर बाई आणि निर्णयाला बुवा. आमच्या घरी तसंच होऊ लागलं. समितीतले लोक मला विचारायचं सोडून यांना फोन करू लागले. मी 'नाही' म्हणते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि यांच्या तोंडून तो शब्द कधी कोणी ऐकला नव्हता. बरं, यांची ड्यूटी नेमकी सडक अर्जुनीच्या रूटवर. भोजराजभाऊ गाडीत चढले की मोठ्यानं म्हणायचे, "काय जी अध्यक्षसाहेब!" प्रवासी वळून बघायचे. आमच्या कंडक्टरला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी साहेब म्हणत होतं. बिचारे सुटे पैसे परत द्यायचे विसरायचे नाहीत, पण बाकी सगळं विसरायचे.

एका जानेवारीत भोजराजभाऊ असेच गाडीत चढले. "साहेब, एक बदल करून राहिलो. फाइल बदलून झाली का समितीची नावं शेवटी आपोआप आली पाह्यजे. लोकाईले समजलं पाह्यजे का मेहनत कोण करून राहिलं."

"करून टाका ना जी," अध्यक्षसाहेब म्हणाले. "चांगल्या कामाले विचारता कायले? चला, पुढं सरका, पुढं सरका."

मी तेव्हा टायफॉइडच्या तापानं फणफणून महिनाभर अंथरुणावर होते. इतक्या बारीक गोष्टीसाठी आजारी बायकोला कशाला त्रास, असा विचार करून यांनी घरी सांगितलं नाही. प्रेमापोटीच बरं का.

परिणाम काय झाला ते तुमच्या लक्षात आलं असेल. लग्नसराई ऐन भरात. प्रत्येक दुकानदार काय करतो, गेल्या वर्षीच्या पत्रिकेची जुनी फाइल काढतो, जुळारीतून बदलून घेतो, आणि वरवधूची नावं बदलून छापतो. पत्रिकेतली खालची नावं कोणी वाचत नाही. फक्त ज्याचं नाव राहून गेलं तो वाचतो. त्यामुळे 'विनीत' खाली काका-मामा-आजोबांच्या रांगेला लागून आमची अख्खी समिती छापली गेली. सौ. व श्री. प्रकाश गणवीर, अध्यक्ष. श्री. भोजराजभाऊ, कार्याध्यक्ष. सल्लागार, मार्गदर्शक, संघटक. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लग्नांत आम्ही यजमान झालो.

एका मंडपात म्हणे लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, "सौ. व श्री. प्रकाश गणवीर जिथं असतील तिथून वधूपक्षाकडे यावं." भोजराजभाऊ तर एका गिऱ्हाइकाच्या घरच्या लग्नाला गेले होते, तिथे त्यांना शाल-नारळ देऊन बसवलं. त्यांनी घेतलासुद्धा! विचारलं तर म्हणाले, "नाई म्हणणं बरं दिसते का जी?"

एवढ्यावर निभावलं असतं. पण एक तेरवीची चिठ्ठीही तशीच गेली. 'शोकाकुल' च्या खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, संघटक. ते घर गुरुजींच्या ओळखीचं होतं. ते माफी मागायला गेले तर त्या घरची म्हातारी म्हणाली, "नाई गुरुजी, एवढे मोठे मोठे लोक आमच्या दुःखात आले, बरं वाटलं." हे ऐकून मला आधी हसू फुटलं आणि मग इतकं वाईट वाटलं की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. माझ्या हातची वस्तू होती ती. तिनं एका म्हातारीची थट्टा केली होती, आणि म्हातारीला ते कळलंही नव्हतं.

ताप उतरून मी प्रेसमध्ये गेले तर टेबलावर पत्रिकांचे खोके परत आलेले. आमगावच्या एका राइस मिलवाल्याच्या पोरीचं लग्न. मी नसताना दुसऱ्या ऑपरेटरनं छापलेली. वधूचा काका स्वतः खोके घेऊन आला होता आणि विचारून गेला होता, "हा कार्याध्यक्ष कोण लागून गेला आमच्या पोरीच्या लग्नाचा? माह्यं नाव त्याच्या खाली काऊन?"

शेठजी ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "उषा, इसका जिम्मेदार कौन है?"

मी म्हटलं, समिती आहे.

"समिती की गर्दन कहाँ होती है? मुझे एक आदमी बता, जिसकी गर्दन पकड़ूँ. नहीं तो सोमवार से ये तेरा जुळारी मेरी मशीन पे नहीं चलेगा. और मैं बाकी प्रेसवालों को भी बोल दूँगा."

त्यांनी बोलायचा अवकाश, सगळ्यांनी ऐकलं असतं. गोंदियातल्या प्रेसवाल्यांत त्यांचा शब्द चालायचा. माझी नोकरी जाणार नव्हती, तेवढं ते करायचे नाहीत. पण जुळारी जाणार होता. मी घरी येईपर्यंत लुनावर रडत आले. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांचे सत्कार मी टाइप केले होते. त्या मशीनवर माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती.

घरी यांना विचारलं. सगळं सांगितलं त्यांनी, काहीही न लपवता. "मी काही नाही केलं गं, उषा. तो म्हणाला अन् मी हो म्हटलं."

"तेच तर केलंत तुम्ही," मी म्हटलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. त्यांनी मुकाट्यानं खिचडी टाकली.

रविवारी कुडव्याला आमच्या घरी समितीची बैठक बोलावली. गुरुजी आमगावहून गाडीनं आले, भोजराजभाऊ मोटरसायकलवर. तिरोड्याचे उपाध्यक्ष आणि जिलेबीवाले संघटकही आले. पुण्याचे साहेब फोनवर होते. फोन मी स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवला, त्यानं आवाज मोठा येतो. साहेब गंजातून म्हणाले, "प्रथम जबाबदारी निश्चित व्हावी."

भोजराजभाऊ खाकरले. "चूक तं झाली, मी नाई म्हणत नाई. पण नियमानं जबाबदारी अध्यक्षाची राहते."

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही! मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, दिसले नसेन.

हे उठले. माणूस मनाचा मोठा. "माझ्याच्यानं चूक झाली. मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो."

"स्वीकारावा," गंजातून आवाज आला. टाळ्या वाजल्या. उपाध्यक्ष यांच्या त्यागाबद्दल दोन शब्द बोलले. भोजराजभाऊ लगेच पुढे सरकले, "तं मंग आता नवीन अध्यक्ष..."

मी ट्रे खाली ठेवला. "थांबा. राजीनामा कोणी दिला?"

"साहेबाईनं."

"म्हणजे श्रींनी दिला. सौ.नं कुठं दिला? ती अजून अध्यक्ष आहे. आणि ती ही इथं उभी आहे."

 गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच 'पाहू' न म्हणता म्हणाले, "बरोबर हाये. यादीत दोघंजणं हायेत." भोजराजभाऊ काय बोलणार? यादी त्यांनीच छापली होती.

"आता अध्यक्ष बोलते, ते ऐका," मी म्हटलं. "शेठजींना एक मान हवी आहे. ती मी देणार, कारण वस्तू माझी आहे. पण मान माझी असेल तर चावीही माझीच राहील. एक माझ्याकडे, एक गुरुजींकडे. मी आजारी पडले तर त्यांनी बघायचं. बाकी सगळ्यांच्या चाव्या आजपासून बंद, आणि ती आपोआप येणारी नावंही बंद. सुधारणा पाठवा, मी वाचीन. चांगली असेल तर घेईन, नसेल तर नाही म्हणेन."

भोजराजभाऊंचा चेहरा उतरला. "आमच्यावर विश्वास नाई का ताई?"

"विश्वास आहे भाऊ, म्हणून चहा दिला. चावीची गोष्ट वेगळी."

"मंग मी वेगळी चूल मांडतो."

"खुशाल मांडा. लिखावट उघडीच आहे, सगळी घेऊन जा. तेवढं ते जुळारी नाव नको."

गंजातून साहेब काहीतरी संविधान, संविधान म्हणत होते. मी म्हटलं, "साहेब, त्याची सुरुवात 'आम्ही' अशी आहे. मला ती पाठ आहे. या समितीत मी धरून आम्ही कोणी नव्हतोच, त्यात फक्त पदं होती."  नंतर त्यांनी ईमेलवर लिहिलं की मुद्दा मान्य आहे. पुढची कित्येक वर्षं ते मदत करत राहिले, पुष्कळ शिकवलं त्यांनी मला.

सोमवारी मी शेठजींसमोर उभी राहिले. "गर्दन मेरी है."

"अकेली की?"

"अकेली की."

त्यांनी हातातलं बिलबुक मिटलं. मग म्हणाले, "तो पहले दिन ही बोलना था ना. रहने दे मशीन पे. और वो मिलवाले की पत्रिका फिर से छाप. काका का नाम ऊपर ले." काकाचं नाव मी इतकं वर घेतलं की ते गणपतीच्या खालोखाल आलं.

भोजराजभाऊंनी खरंच वेगळी चूल मांडली. त्यात ते एकटेच अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि सदस्य होते. थोड्याच दिवसांत त्यांना रोज फोन येऊ लागले, "मॅडमच्या जुळारीत चालते, तुमच्याच्यात काऊन नाई चालत?" उत्तर देता देता त्यांचं दुकान मागं पडलं. पावसाळ्यात त्यांनी गुपचूप मला एक सुधारणा पाठवली, जोडाक्षरांच्या बाबतीतली. इतकी सुरेख होती की मला हेवा वाटला. मी घेतली, आणि फोन करून सांगितलं की घेतली. पलीकडच्या माणसानं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, एवढं बरं तं शाल भेटली तवा बी नाई वाटलं."

जुळारी पुढे बरीच वर्षं चालला. आता नव्या फायली मुळातच युनिकोडमध्ये बनतात, त्यामुळे त्याचं काम संपत आलंय. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? त्या भांडणांत, फोनवर, समजुती काढण्यात जो वेळ गेला त्यात आणखी दोन चांगली सॉफ्टवेअर झाली असती. पण माणसं झाली. गुरुजी आता नाहीत. त्यांची चावी मी दुसऱ्या कोणाला दिली नाही.

दोन हजार बारा-तेराची गोष्ट असेल. पुण्याच्या साहेबांनी लिहिलं की ती जुनी समितीची यादी तुम्ही काढून टाकलीत ते ठीक, पण ज्यांनी काम केलं त्यांची नोंद कुठेतरी हवी. ते बरोबर होतं. मी बसून नवी यादी केली. श्री नाही, सौ नाही, पद नाही, वेलबुट्टी नाही. फक्त ज्याचं त्याचं नाव आणि पुढे त्यानं काय केलं ते. गुरुजींनी फायली तपासल्या. भोजराजभाऊंनी जोडाक्षरं सुधारली. देवरीच्या दुकानदारानं पहिल्यांदा चाचणी घेतली, आणि कंसात, जेवू घातलं. जुनी पत्रं काढून एकेकाला शोधलं, कोणी राहू नये म्हणून. मग ती यादी इंटरनेटवर जुळारीच्या पानावर टाकली आणि कामाला लागले.

यांनी तेव्हा नुकताच मोठा फोन घेतला होता. डेपोत बसून त्यावर बोटं फिरवायचे. त्या संध्याकाळी घरी आले ते चपलासुद्धा न काढता माझ्यासमोर फोन धरून उभे राहिले.

"हे तू केलं का?"

"हो. का जी, तुमचं नाव नाही म्हणून?"

"माह्यं कायले राहीन? मी काय केलं त्यात?" त्यांनी बोटानं यादी खालीवर केली, पुन्हा खालीवर केली. गाडीत चुकलेला प्रवासी शोधावा तसं. "तुह्यं नाव कुठं हाये उषा?"

मी बघितलं. नव्हतं. सगळ्यांची नावं मी आठवून आठवून टाकली होती, आणि माझं राहूनच गेलं होतं. कोणी काढलं नव्हतं, कोणी विसरायला लावलं नव्हतं. हातालाच सवय नव्हती.

"टाकते उद्या," मी म्हटलं.

"उद्या नाई. आता."

मी संगणक सुरू केला. ते शेजारी खुर्ची ओढून बसले. मी टाइप केलं, उषा प्रकाश गणवीर. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, गाडीत थांब्याचं नाव पुकारतात तसं. मग पडद्यावर मधल्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे बी काढून टाक."

माझ्यानं ते लगेच झालं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि कळ कुठली दाबायची ते दिसेना. त्यांनी माझं बोट धरून बरोबर खोडायच्या कळीवर ठेवलं.